मुलाचं पोट दुखतंय, अपेंडिक्सची शंका आहे: सोनोग्राफीवर किती विसंबायचं?

दोन पिल्लांची आई
धाकट्याला (वय ७) मागच्या महिन्यात बेंबीभोवती दुखायला लागलं. रात्रीतून दुखणं उजवीकडे खाली सरकलं, दोन उलट्या, बारीक ताप. सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स स्पष्ट दिसलं, ऑपरेशन झालं, पोरगं आता उड्या मारतंय. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मुलांच्या बाबतीत सीटी स्कॅनचं (क्ष-किरणांनी पोटाची चित्रं काढतात, त्याचं) नावच काढू नये. सोनोग्राफीत क्ष-किरण नाहीत, सुई नाही, मूल आईचा हात धरून पडून राहतं. मग काही ठिकाणी थेट सीटीला का पाठवतात?

शंकेखोर
तुमचं सरळ पार पडलं म्हणून बोलताय. आमच्या मुलीच्या रिपोर्टात होतं, 'अपेंडिक्स दिसले नाही, इतर दोष नाही.' आम्ही 'दोष नाही' एवढंच वाचलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुखणं अचानक कमी झालं, आम्ही खूश! फुटलं होतं म्हणून कमी झालं होतं. रात्री पोट फळीसारखं कडक. सीटी केला असता तर आदल्या दिवशीच कळलं असतं. किरणांची भीती मला नका सांगू.

सोनोवाला
रोज सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवतात ते उपकरण) हातात असतो, म्हणून लिहितो. 'दिसलं नाही' आणि 'निरोगी दिसलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोबने पोट हळूहळू दाबत गेलं की मधला गॅस आणि आतडी बाजूला सरकतात. प्युलार्ट या डच डॉक्टरांनी १९८६ साली मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालते. निरोगी अपेंडिक्स दाबल्यावर चपटं होतं. सुजलेलं दबत नाही, जाडी बहुधा ६ मिमीच्या वर असते, भोवतीची चरबी पांढुरकी दिसते, कधी आत खडा सापडतो. (६ मिमी म्हणजे काही शिक्का नव्हे. काही निरोगी मुलांतही ते त्याहून जाड असतं.) पण ते मोठ्या आतड्यामागे दडलं असेल, किंवा मूल रडून पोट आवळून धरत असेल, तर कितीही शोधा, सापडत नाही. शिवाय रात्री दोनला प्रोब कोणाच्या हातात आहे, यावरही बरंच अवलंबून असतं.

कात्री-सुई
यंत्रांवरून भांडण्याआधी पोटावर हात ठेवा की! मुलाला मी एका पायावर उडी मारायला सांगतो. खुशाल मारली तर माझा अर्धा जीव भांड्यात. भूक, उलटी, ताप, दुखणं कुठून कुठे सरकलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, या सगळ्याचे मिळून १० पैकी गुण मोजतात. गुण अगदीच कमी असतील तर चित्र काढायची घाई नको. सोनोग्राफीचा खरा उपयोग मधल्या गुणांच्या मुलांत. मुलींमध्ये तर अंडाशयाला पीळ पडलाय का, हेही तिथेच कळतं.

शंकेखोर
मधल्या गुणांचं मूल आणि सोनोग्राफीत काही दिसलं नाही. मग काय? तेवढं सांगा.

कात्री-सुई
ठेवून घ्यायचं. काही तासांनी पुन्हा पोट तपासायचं, लागलं तर पुन्हा सोनोग्राफी. सकाळी न सापडलेलं अपेंडिक्स सुजल्यावर संध्याकाळी सापडतं. तरीही कळेना, तर एमआरआय (किरण नाहीत, पण मुलाला निश्चल पडावं लागतं), तो नसेल तर सीटी. तिथे मी मागेपुढे पाहत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना नीट सांगता येत नाही, फुटल्यावरच येणारी बरीच असतात, तिथे तर मुळीच मागेपुढे पाहत नाही. तुमच्या मुलीच्या वेळी चूक झाली ती घरी सोडण्यात.

दोन पिल्लांची आई
'नावच काढू नये' हे मागे घेते. पण पहिली तपासणी सीटी नको, यावरून हलणार नाही.

शंकेखोर
असेल. मी अजूनही सीटीच मागेन. सोनोवाला, अशा वेळी तुम्ही रिपोर्टात काय लिहिता?

सोनोवाला
'अपेंडिक्स दिसले नाही. अपेंडिसायटिस नाही असे म्हणता येत नाही.' दुसरं वाक्य ठळक अक्षरात.