कंट्रीतली द्वंद्वगीतं: समोरासमोर गायलेली आणि कातरून जोडलेली

स्टीलवाला (धागाकर्ता)

अमेरिकेच्या कंट्री संगीतातल्या गाजलेल्या द्वंद्वगीतांची यादी निघाली की जॉनी कॅश–जून कार्टर, कॉनवे ट्विटी–लोरेटा लिन, केनी रॉजर्स–डॉली पार्टन आणि विली नेल्सन अधिक त्याला त्या वर्षी जो कोणी भेटला तो, असे सगळे एकाच पंगतीला बसवले जातात. माझा आक्षेप या पंगतीला आहे. दोघं एका खोलीत, एकमेकांच्या श्वासावर नजर ठेवून गातात ते द्वंद्वगीत. एकाचं गाणं आधीच होऊन गेलंय आणि दुसऱ्याचा आवाज मागाहून चिकटवलाय, ते कातरकाम. ऐकायला गोड असेल, पण त्याला त्या यादीत जागा नको.

लूव्हिन बंधू ऐका. आयरा मँडोलिन आणि वरचा आवाज, चार्ली गिटार आणि मूळ चाल. दोघंही अलाबामातल्या सेक्रेड हार्प (वाद्यांशिवाय अनेक आवाजांत म्हणायची भजनं) गायकीत वाढलेले. चाल चढत चढत चार्लीच्या आवाक्याबाहेर जायला लागली की ओळ अर्ध्यात असतानाच आयरा ती उचलतो आणि चार्ली खालचा स्वर धरतो. खूण नाही, इशारा नाही. आधी मुद्रित झालेल्या आवाजावर हे करता येत नाही, कारण तो आवाज तुमच्यासाठी हलत नाही.

उलट उदाहरण 'गुड हार्टेड वुमन'. वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन, १९७६ साली बिलबोर्डच्या कंट्री यादीत (अमेरिकेतली गाण्यांची क्रमवारी) पहिला क्रमांक, सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशन) सिंगल ऑफ द इयर. लोक आजही समजतात की दोघं मंचावर खांद्याला खांदा लावून गातायत. प्रत्यक्षात वेलनच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणावर विलीचा आवाज जागोजागी नंतर चढवलेला आहे. त्या वेळी विली आसपास कुठेही नव्हता, हे वेलननेच हसत हसत सांगितलंय. ज्या 'वाँटेड! दि आउटलॉज' संग्रहात हे आलं, तो प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचा) ठरलेला पहिला कंट्री अल्बम. म्हणजे धंदा झाला. गाण्याचं काय?

काळी चार

तीव्र असहमत. तुमच्या नियमाने 'पाँचो अँड लेफ्टी' बाद होतं, आणि जो नियम ते गाणं बाद करतो त्यातच काहीतरी खोट आहे.

टाउन्स व्हॅन झँटचं १९७२ चं गाणं. विली आणि मर्ल हॅगर्डने गायलं, १९८३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. टेक्सासात विलीच्या पेडर्नालेस स्टुडिओत काम चाललं होतं. मर्ल बसमध्ये झोपलेला. भलत्या वेळी त्याला उठवून माइकसमोर उभं केलं, शब्द हातात दिले आणि त्याने आपलं कडवं गायलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन म्हणाला, पुन्हा गातो, तर टेप न्यूयॉर्कला रवाना झालेली. हा किस्सा खुद्द मर्लचाच आहे.

आता ऐकताना काय होतं बघा. सगळी कथा विली सांगतो, त्याच्या नेहमीच्या तालामागे रेंगाळणाऱ्या पद्धतीने. शेवटचं कडवं मर्लचं. तोवर पाँचो मेलाय, लेफ्टी क्लीव्हलंडच्या स्वस्त हॉटेलात म्हातारा झालाय, आणि अचानक दुसऱ्या माणसाचा जाड, थकलेला आवाज येतो. पहिल्या कडव्यापासून दोघं गळ्यात गळा घालून गायले असते तर शेवटाचा हा धक्का गेला असता. इथे द्वंद्व आहे ते 'कोण कधी येतो' यात.

आणि विलीबरोबर एकसुरात गायचं म्हणजे काय ते एकदा करून बघा. तो शब्द ठोक्यावर टाकतच नाही. कधी अर्धी मात्रा उशिरा, कधी सगळी ओळ मागे ठेवून शेवटच्या दोन मात्रांत कोंबतो. जोडीदाराने ठोका धरला तर विली चुकल्यासारखा वाटतो, विलीला धरलं तर दोघं मिळून गाणं सांडतात. म्हणून त्याची बहुतेक यशस्वी सहगानं कडव्यांच्या वाटणीवर उभी आहेत. रे चार्ल्सबरोबरचं 'सेव्हन स्पॅनिश एंजल्स' (१९८५ मध्ये पहिलं) त्याच साच्यातलं.

स्टीलवाला

कडवी वाटून घेणं वेगळं आणि मुडदे उकरून काढणं वेगळं. जिम रीव्ह्ज आणि पॅट्सी क्लाइनचं १९८१ चं 'हॅव यू एव्हर बीन लोनली' बघा. पॅट्सी ५ मार्च १९६३ ला विमान अपघातात गेली, जिम ३१ जुलै १९६४ ला, तोही विमान अपघातातच. सतरा वर्षांनी त्यांनी 'द्वंद्वगीत' गायलं!

रीळमास्तर

त्यातलं काम तरी समजून घ्या, मग शिव्या द्या.

दोघांनी हेच गाणं आपापल्या हयातीत वेगवेगळं गायलेलं होतं. पॅट्सीचा निर्माता ओवेन ब्रॅडली, जिमचा चेट ॲटकिन्स, दोघंही तेव्हा हयात. मूळ टेपा तीन ट्रॅकच्या होत्या आणि गायकाचा आवाज बाजूला काढता येत होता. सगळा डाव या एका गोष्टीवर. आवाज तेवढे उचलले, एकमेकांशी जुळवले, वाद्यं पुन्हा नव्याने वाजवून घेतली.

यात कुठे घात होतो? टेपच्या जमान्यात वेग आणि पट्टी एकमेकांना बांधलेले. टेप सुमारे ६ टक्के जोरात फिरवली की आवाज अर्धा स्वर वर जातो आणि तीन मिनिटांचं गाणं २ मिनिटं ५० सेकंदांत संपतं. अर्ध्या स्वरापर्यंत कान फसतो. पूर्ण स्वर चढवला की स्वरांबरोबर गळ्याचा पोतही बदलतो आणि मोठा माणूस पोरगेला वाटायला लागतो. म्हणजे मूळ पट्ट्या जवळ नसतील तर असल्या जोडकामाच्या वाटेला जाऊच नये. आज सॉफ्टवेअर वेग आणि पट्टी वेगळे हलवतं, तरी स्वर ओढला की गळ्यातली खरखर पाणचट होतेच.

याहून अवघड प्रकरण म्हणजे हँक विल्यम्स ज्युनियरने १९८९ मध्ये वडिलांबरोबर केलेलं 'देअर्स अ टिअर इन माय बिअर'. हँक सीनियर १ जानेवारी १९५३ ला गेलेला. हाती होती एक कच्ची तबकडी, गिटार आणि आवाज एकाच खाचेत. वेगळं काहीच काढता येत नाही आणि मूळ गायन एकट्याचं, त्यामुळे लय श्वासाप्रमाणे मागेपुढे. वादकांनी मेलेल्या माणसाच्या लयीला धरून वाजवायचं. त्याला ग्रॅमी मिळालं. व्हिडिओत हँकच्या जुन्या चित्रफितीवर ओठ मात्र दुसऱ्याचे बसवलेत, ते जरा भुताटकीचं वाटतं, हे मान्य.

मडगावचो

जिम रीव्ह्जला नावं ठेवायची नाहीत हां! गोव्यात आणि वांद्र्यात नाताळ त्याच्याशिवाय सुरू होत नाही. बाकी रीळमास्तरांशी सहमत. पण एक बघा, त्या गाण्यात दोघंही शांत, गोल, सावकाश गाणारे. म्हणून खपून गेलं. पॅट्सीच्या जागी लोरेटाचा धारदार आवाज ठेवला असता तर शिवण लगेच दिसली असती.

पंचमातली

स्टीलवाला, तुमचं 'एका खोलीत' हे निकषच डळमळीत आहे. बॉब डिलन आणि जॉनी कॅश फेब्रुवारी १९६९ मध्ये कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला खरोखर एका खोलीत होते. 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' ऐका: ओळी एकमेकांवर आदळतात, शेवटाकडे दोघं वेगवेगळं म्हणतायत. त्या बैठकीतलं हे एकच गाणं तेव्हा डिलनच्या 'नॅशव्हिल स्कायलाइन' अल्बमवर आलं, बाकीचं बरंचसं अधिकृतपणे २०१९ मध्ये बाहेर आलं, आणि उशीर का झाला ते ऐकल्यावर कळतं.

जॉर्ज जोन्स–टॅमी वाइनेटचं उदाहरण तर तुमच्या 'श्वासावर नजर' प्रकाराची गंमतच करतं. लग्न १९६९, घटस्फोट १९७५, आणि 'गोल्डन रिंग' पहिल्या क्रमांकावर गेलं १९७६ मध्ये. शिकागोतल्या गहाणवटीच्या दुकानातून घेतलेली अंगठी संसार मोडल्यावर पुन्हा दुकानाच्या काचेत येते, असं गाणं, गाणारे नुकतेच विभक्त. उलट कॉनवे आणि लोरेटा कधीच नवराबायको नव्हते, तरी १९७१ ते १९७५ सलग पाच गाणी पहिल्या क्रमांकावर. त्यातल्या 'ॲज सून ॲज आय हँग अप द फोन'मध्ये तर कॉनवे गातच नाही, फोनवरून बोलतो. तुमच्या नियमाने बाद करायचं का तेही?

माझा निकष साधा: पट्टी कोणाच्या सोयीची निवडली आणि दुसऱ्याने त्यातून वाट कशी काढली. पुरुषाला सोयीची पट्टी बाईला एक तर फार खाली पडते किंवा वरच्या सप्तकात ओरडायला लावते. कंट्रीने यावर काढलेला जुना तोडगा म्हणजे बाईने चाल गायचीच नाही, चालीच्या लगेच वरचा स्वर धरायचा. ग्रॅम पार्सन्स–एमीलू हॅरिसचं 'लव्ह हर्ट्स' असंच. तो त्याच्या गळ्याच्या वरच्या टोकाला ताणलेला, ती तिच्या मधल्या भागात निवांत, आणि दोन आवाजांत अंतर जेमतेम तीन स्वरांचं.

'आयलंड्स इन द स्ट्रीम'मध्ये दुसरा तोडगा. बीजीज या बँडचं गाणं. केनी रॉजर्सने चार दिवस एकट्याने गाऊन बघितलं, जमेना. बीजीजमधल्याच बॅरी गिबने सांगितलं, डॉलीला बोलवा. गाणं पांढरी एकमध्ये सुरू होतं आणि डॉलीच्या कडव्याच्या आधी खाली काळी चारवर येतं. पट्टी बदलायची तर बहुतेक जण चढवतात, जोर येतो म्हणून. इथे उतरवलीय आणि तरी गाणं बसत नाही, उलट तिच्या आवाजासाठी दार उघडतं. हे निर्मात्याच्या डोक्यातलं काम आहे, खोलीतलं नाही.

हौशी जोडपं

वाद चालू द्या. पण महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात असं काही गायचं असेल तर वरचा स्वर नेमका कसा बसवायचा?

पंचमातली

आधी पट्टी. चालीतला सगळ्यात वरचा स्वर शोधा. तो पुरुषाला जोर न लावता लागेल इतकी पट्टी चढवा, त्याहून एक अर्धा स्वर खाली या. मंचावर घसा कोरडा पडतो, तेव्हा तो अर्धा स्वर कामी येतो.

मग वरची ओळ. मुख्य कॉर्ड (सा-ग-प एकत्र) वाजत असताना चाल सा वर असेल तर वर ग, ग वर असेल तर प, प वर असेल तर तार सा. मध्यमाचा कॉर्ड आला की म वर ध, ध वर तार सा. फसगत पंचमाच्या कॉर्डावर होते. चाल रे वर आहे म्हणून सवयीने तिसरा स्वर धरला तर म येतो, तो त्या कॉर्डात ओढ निर्माण करतो. ओळ पुढे जाणार असेल तर छान, ओळ तिथेच थांबणार असेल तर प घ्या. 'कायम तिसरा स्वर' असं घोकून गाणारे इथेच बेसूर वाटतात.

शब्दांचे शेवट ठरवून घ्या. ओळीच्या शेवटचा व्यंजन कोणी एकानेच म्हणायचा, दुसऱ्याने स्वरावरच सोडायचं. नाहीतर दोन 'स' मागेपुढे फुसफुसतात.

रीळमास्तर

माइकचं मी सांगतो. एकच माइक असेल तर आठच्या आकड्यासारखा दोन्ही बाजूंनी ऐकणारा घ्या, समोरासमोर उभे राहा. मोठ्या आवाजाच्या माणसाने मागे सरायचं. अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात, म्हणून एक वीत सरकणंही पुष्कळ होतं. दोन माइक असतील तर तुमच्या तोंडापासून माइक जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांत ठेवा: तोंडापासून २० सेंटिमीटर तर माइकांत ६०. कमी ठेवलं की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात किंचित उशिरा शिरतो आणि दोघंही पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखे लागतात.

वादकांना कॉर्ड आकड्यांत लिहून द्या: १, ४, ५ (म्हणजे सा, म आणि प वरचे). जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने सुरू केलेली ही नॅशव्हिलची पद्धत. ऐनवेळी पट्टी उतरवावी लागली तरी कागद तोच राहतो.

नवा गडी

तुम्ही सगळे १९८३ पाशी अडकलाय. लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' कुठे गेलं? मार्च २०१९ मध्ये बिलबोर्डने ते कंट्री यादीतून काढलं, एप्रिलमध्ये बिली रे सायरसला घेऊन नवी आवृत्ती आली आणि बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत, हॉट १०० मध्ये, १९ आठवडे पहिलं. ते जोडकामच आहे, आणि एका आवाजाने गाण्याचा पत्ता बदलला.

स्टीलवाला

पत्ता बदलला हे खरं, गाणं बदललं का? सायरसचं कडवं काढून टाका, मूळ गाणं आहे तसं उभं राहतं. 'पाँचो'तून मर्ल काढून बघा. काळी चार यांचा तो मुद्दा मी घेतो: वाटून गायलेलंही द्वंद्वगीत असू शकतं. पण मग कसोटी ही, की एकाला काढलं तर गाणं लंगडलं पाहिजे. 'गुड हार्टेड वुमन' त्यात नापासच, कारण ते विलीशिवाय १९७२ मध्ये गाजून गेलेलं होतं.

नव्यातलं हवं असेल तर ४ नोव्हेंबर २०१५ चा सीएमए सोहळा घ्या. ख्रिस स्टेपलटन आणि जस्टिन टिंबरलेक, आठेक मिनिटं, प्रत्यक्ष मंचावर. मे महिन्यात आलेला स्टेपलटनचा 'ट्रॅव्हलर' अल्बम त्यानंतरच्या आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर आला.

काळी चार

लंगडण्याची कसोटी चालेल. मग ब्रूक्स अँड डन यांचं काय करायचं? सीएमएचा सर्वोत्तम जोडीचा पुरस्कार २००६ पर्यंतच १४ वेळा, आणि बहुतेक गाजलेल्या गाण्यांत एकटा रॉनी डन पुढे गातोय.

पंचमातली

ती जोडी आहे, द्वंद्वगीत नाही. सीएमएलाही हा घोळ जाणवला असावा, म्हणून १९८८ पासून एकेका सहयोगासाठी वेगळा पुरस्कार आला. तो पहिल्याच वर्षी डॉली, लिंडा रॉनस्टॅट आणि एमीलू यांच्या 'ट्रायो'ला मिळाला. तिघी बायका, म्हणजे पट्टीचं भांडणच नाही, आणि गाणं बदललं की चाल कोणाकडे आणि वर कोण हेही बदलतं. लंगडण्याची कसोटी तिथे लावून बघा, एकेक गाणं घेऊन.