खोकला अंगावर किती दिवस काढायचा? (अनुभव धागा)

रानजाई
थंडी पडली. आज लोकलमध्ये खोकल्याची जुगलबंदी ऐकली आणि छातीच्या ओपीडीतला ठरलेला प्रश्न आठवला: "खोकला कधीपासून?" पेशंट म्हणतो, "झाले असतील चार-आठ दिवस." मागून बायको, "गणपतीपासून खोकताहेत!" म्हणून सणवार धरून मोजा. सर्दी-तापानंतरचा खोकला ३ आठवडे, कधी ८ आठवडेही रेंगाळतो. ताप गेलाय, भूक परतलीय, खोकला उतरतोय, तर बहुधा तोच. तरीही आपल्याकडे २ आठवडे झाले की थुंकी तपासायची, हा क्षयरोग कार्यक्रमाचा नियम. मोठ्यांत ८ आणि मुलांत ४ आठवड्यांपुढे गेला तर जुनाट, कारण शोधायलाच हवं. थुंकीतून रक्त, धाप, छातीत दुखणं, उतरणारं वजन, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम यांपैकी काही असेल तर दिवस मोजत बसू नका. जाणकारांनी भर घाला.

कडूनिंब
लॅबवाल्यांतर्फे. डबीत लाळ आणू नका हो! साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीच्या तळातून खोका. २ ते ५ मिली बेडका हवा, म्हणजे फार तर चहाचा चमचाभर. पाण्यासारखा पातळ, फेसाळ नमुना फुकट जातो, त्यात जंतू सापडत नाहीत आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो. हे मोकळ्या हवेत करा, बंद बाथरूममध्ये नाही. एक नमुना लगेच, दुसरा सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी. सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (क्षयाच्या जंतूंचा डीएनए शोधणारी मशिन्स) काही तासांत निदान होतं, रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत.

झुणका_भाकर
अडुळसा + मध + आलं. विषय संपला. 😀

मोहरी
@झुणका, विषय संपला नाही 😀 घसा शांत होतो, कारण तिथेच राहतं.
मेडिकलच्या काउंटरवरून दोन गोष्टी. बीपीची गोळी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर कोरडी ढास तिचीच असू शकते, गोळी सुरू होऊन महिने झाले असले तरी. मनाने बंद करू नका, बीपी चढेल. डॉक्टर दुसऱ्या गटातली देतात, उदा. टेल्मिसार्टन. खोकला बहुधा १ ते ४ आठवड्यांत जातो, काहींना ३ महिनेही लागतात.
दुसरं, "मागच्या वेळचंच अँटिबायोटिक द्या" म्हणू नका. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं औषध क्षयाच्या जंतूंनाही थोडं दाबतं. आठवडाभर बरं वाटतं, निदान मात्र लांबतं.

ओसरी
पोरांचं वेगळं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट नको, लहान बाळांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर लगेच दवाखाना. मध १ वर्षाच्या आत अजिबात नाही. आणि सिरप? ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित सिरपने मुलं दगावल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा केंद्राची सूचना आली: २ वर्षांखाली खोकल्याचं औषध द्यायचं नाही, ५ वर्षांखाली साधारणपणे टाळायचं.
शेंगदाणा खाताना ठसका लागला आणि मग खोकला सुरूच राहिला, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी ते डॉक्टरांना सांगाच. दाणा श्वासनळीत असला तर एक्स-रेत दिसत नाही.

पोफळी
रात्रीच खोकला येतो, दिवसा काही नाही, असं असेल तर?

रानजाई
@पोफळी, पहाटे जाग येऊन ढास, हसलं किंवा जिना चढला की उबळ, तर दम्याची शंका. छातीत घरघर नसली तरी. स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) करा, पंपाआधी आणि पंपानंतर १५ मिनिटांनी अशी दोनदा फुंकतात. आडवं पडताच खोकला, तोंडाला आंबट पाणी, तर आम्लपित्त बघा. जेवण झोपेच्या ३ तास आधी, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ६-८ इंचांचे ठोकळे. जास्तीच्या उशांनी पोट दुमडतं, उलट त्रास.

चिंचोका
कबुतरं राहिली! गॅलरीत विष्ठा साचत असेल आणि कोरडा खोकला, चालताना धाप असं दोन्ही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. झाडण्याआधी पाणी मारून ओली करा, मास्क लावा.

झुणका_भाकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे टाकू का? दाणे टाकणाऱ्या काकू मला टाकतील 😂

पोफळी
धन्यवाद @रानजाई. थुंकी निगेटिव्ह आली की मोकळे?

कडूनिंब
नाही. खोकला सुरू असेल तर छातीचा एक्स-रे आणि डॉक्टर. मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल, घरात कुणाला क्षय असेल तर आधीच सांगा. जुनी फिल्म असेल तर न्या, डाग नवा की जुना ते तिच्यावरून कळतं. कुठे जायचं माहीत नसेल तर १८००-११-६६६६ या क्षयरोग हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

झुणका_भाकर
जुनी फिल्म ग्रहण बघायला ठेवलीय.

मोहरी
ग्रहणालाही नको रे, डोळे जातील. छातीच्या डॉक्टरकडेच ने ती.