साउंड रेकॉर्डिंग आणि म्युझिक प्रॉडक्शनची डिग्री करावी का? कॉलेजात नेमकं शिकवतात काय?

मध्यलय:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली, घरातल्या खोलीत लॅपटॉप, छोटा इंटरफेस, दोन स्पीकर आणि एक कंडेन्सर माइक एवढ्यावर रेकॉर्डिंग करतोय. गिटार वाजवतो, एका मैत्रिणीची चार गाणी रेकॉर्ड करून मिक्सपण केली. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं, म्हणजे इक्यू, कंप्रेसर, रिव्हर्ब यातला कुठला इफेक्ट कुठे लावायचा हे व्हिडिओ बघून बघून जमलंय, पण माझं मिक्स माझ्या खोलीत छान वाटतं आणि तेच गाडीत लावलं की बेस सगळं गिळून टाकतो, असं का होतं ते अजून कळलेलं नाही आणि खरं सांगतो हेच मला सगळ्यात जास्त खातंय.

आता पुढच्या वर्षी कॉलेजला जायचंय आणि मला याच विषयाची डिग्री करायची आहे. घरचे विचारतात की सगळं फुकट ऑनलाइन मिळत असताना तीन-चार वर्षं कशाला, आणि माझ्याकडे याचं उत्तर नाही. फिजिक्स माझं कच्चं आहे, नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचता येत नाही. ज्यांनी हे शिकलंय त्यांनी प्लीज सांगा, तिथे दिवसभर काय करतात? कॉलेज निवडताना काय बघायचं?

कानसेन:
मी हे शिकलोय आणि गेली बारा वर्षं स्टुडिओतच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे सॉफ्टवेअर शिकायला कॉलेजला जाऊ नकोस, ते तुला येतंयच आणि नाही आलं तरी महिनाभरात येईल. आमच्या पहिल्या सहामाहीत तर फेडरला, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला, हातच लावू दिला नव्हता. केबल गुंडाळायला शिकवली, एक वेढा सुलटा एक उलटा, म्हणजे आतल्या तारांना पीळ बसत नाही आणि फेकली की सरळ सुटते. मग सोल्डरिंग, एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या केबलच्या तीन पिनांच्या जोडाची, १ नंबरची पिन शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. तेव्हा वाटायचं हे काय चाललंय, पण पुढे एकदा मध्यरात्री, सहा वादक ताटकळत बसलेले असताना, एका चॅनलला घरघर यायला लागली तेव्हा ती कुठून येते हे मी पाच मिनिटांत शोधलं ते त्याच्याच जोरावर.

दुसरं, कान. आठवड्यातून तीनदा तास असायचा, त्यात सर पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला एकसारखा खरखराट, लावायचे, त्यातली एक फ्रिक्वेन्सी १२ डेसिबलने वर उचलायची आणि ती कुठली ते आम्ही सांगायचं. ६३, १२५, २५०, ५०० हर्ट्झ अशी दुप्पट-दुप्पट वर जाणारी यादी. सुरुवातीला वर्गात सगळे ठोकून द्यायचे. मग हळूहळू २५० चा तो कोंदटपणा आणि ४ हजारचा टोचणारा आवाज चेहरा ओळखावा तसा ओळखू यायला लागतो, आणि मग उचल कमी करत १२ वरून ६, ६ वरून ३. हे एकट्याने घरी करता येतं, ॲप आहेत, पण कोणी करत नाही, कारण चुकलं तर शेजारी बसून चुकलं म्हणणारा कोणी नसतो.

आणि तिसरी गोष्ट जी मी कधीच विसरणार नाही. ड्रमचं सेशन, स्नेअरला, म्हणजे सेटमधल्या कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमला, वरून एक माइक आणि खालून एक. दोन्ही वेगवेगळे ऐकले तर झकास, एकत्र केले की स्नेअर पुठ्ठ्यासारखा. सरांनी काही न बोलता खालच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी करायचं बटण दाबलं, आणि ड्रमचं पोट परत आलं, अक्षरशः खोलीत कोणीतरी आत आल्यासारखं. काठी पडली की चामडं वरच्या माइकपासून लांब जातं आणि खालच्या माइककडे येतं, म्हणून दोन्हींच्या लहरी एकमेकींना खातात. लहरींच्या या जुळण्या-न जुळण्याला फेज म्हणतात, त्या विषयावर मी त्याआधी कितीतरी व्हिडिओ पाहिले होते, पण त्या दिवशी तो कानात बसला तो कायमचा.

सहावी_तार:
मी वेगळं मत मांडतो. मी कुठेही शिकलो नाही, घरीच शिकलो, आणि आज याच कामावर माझं घर चालतं. क्लायंटने मला आजवर डिग्री विचारलेली नाही, आधी केलेलं काम ऐकवा म्हणतात. तेव्हा डिग्रीशिवाय काही होत नाही असं कोणी सांगितलं तर मानू नकोस.

पण कानसेन यांनी लिहिलंय ते वाचून एक कबूल करतो, मला चांगल्या खोलीत बसून चांगले स्पीकर ऐकायला मिळाले ते आठ वर्षांनी. तोपर्यंत मी जे ऐकत होतो ते माझ्या खोलीचं ऐकत होतो.

तुझ्या बेसचं उत्तर पण तिथेच असावं. समज खोली ४ मीटर लांब आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४३ हर्ट्झच्या आसपास एक लाट खोलीत उभी राहते, ती दोन्ही भिंतींपाशी जोरात आणि बरोब्बर मधे जवळजवळ गायब. तू मधे बसत असशील तर तुला बेस कमी ऐकू येतो, म्हणून तू तो वाढवतोस, आणि गाडीत तो सगळा वाढवलेला बेस अंगावर येतो. ४३ हर्ट्झची साधी साइन, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचा सलग सूर, लाव, आवाज बेताचा ठेव आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघ. स्पीकर एवढं खाली जात नसतील तर हेच ८६ वर कर, फक्त तेव्हा आवाज पडायच्या जागा दोन मिळतील, दोन्ही भिंतींपासून मीटर-मीटरवर.

केबलवाली:
दोघांचंही पटलं. मी डिग्री केलीय, आता ब्रॉडकास्टमधे आहे. कोणी अजून लिहिलं नाही ते लिहिते, कॉलेजात सगळ्यात मोठी गोष्ट मिळते ती माणसं. खोलीत एकटी बसून तुम्ही प्रॉडक्शन शिकता, पण सेशन चालवायला शिकत नाही, आणि ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसऱ्या वर्षाला एक मुलगी गायला आली होती, आवाज सुंदर, पण काचेपलीकडे उभी राहिली की नुसती कुजबुजायची. आम्ही माइक बदलला, गेन वाढवला, तिला तीनदा सांगितलं की मोकळी गा. मग मॅडम आल्या, तिचे हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघितले आणि तिचाच आवाज तिला कमी केला. बस्स, पुढच्या टेकला ती पूर्ण आवाजात गायली. स्वतःचा आवाज कानात जास्त आला की माणूस दबकून गातो, फार कमी आला की ओरडतो. शिवाय आमचा बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा, ५१२ वर होता, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, नुसता तोच जवळजवळ ११ मिलीसेकंद उशीर, तो १२८ वर आणला तेव्हा पावणेतीन झाला. गाणाऱ्याला हे शब्दात सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो की आज लागत नाहीये.

चुकापण तिथेच करून घ्या. मी एका माहितीपटाचा आवाज ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केला आणि फाइल ४४.१ ची म्हणून पुढे गेली, सगळे बोलणारे संथ आणि जवळपास दीड सेमीटोन (अर्धा स्वर) खाली. वर्गात लाज वाटली तेवढ्यावर भागलं, पैसे घेऊन केलेल्या कामात हे झालं असतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

निवडताना एकच प्रश्न धरून ठेवा, एका विद्यार्थ्याला आठवड्याला स्टुडिओत स्वतःच्या हाताने काम करायला किती तास मिळतात? कन्सोल, म्हणजे स्टुडिओतलं मिक्सिंगचं टेबल, किती मोठा आहे हे बघून भुलू नका, मोठा कन्सोल आणि त्याभोवती चाळीस पोरं उभी, त्यातून काही मिळत नाही.

मध्यलय:
दादा, ताई, खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. फिजिक्स आणि नोटेशनबद्दल कोणी सांगेल का, त्याचीच धास्ती आहे.

कानसेन:
फिजिक्सला घाबरू नको, लागतं ते थोडं आणि रोज लागतं म्हणून अंगवळणी पडतं. व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल वर, पॉवर दुप्पट म्हणजे ३. आवाज १ मीटर जायला साधारण २.९ मिलीसेकंद घेतो. लॉगॅरिदम पुस्तकात अवघड वाटला तरी आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरवर रोज दिसायला लागला की समजतो.

नोटेशनचं मात्र कोर्सवर आहे. टोनमाइस्टर, म्हणजे संगीत आणि रेकॉर्डिंग दोन्ही जाणणारा, या परंपरेतले कोर्स आहेत, जर्मनीत डेटमोल्डला १९४९ पासून, इंग्लंडमधे सरे विद्यापीठात १९७० पासून, तिथे तू आधी संगीतकार असावास अशी अपेक्षा असते, स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं लिहिलेलं संगीत, वाचता यायला हवा कारण ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करताना कितव्या मापात कोण चुकलं ते बोट ठेवून दाखवावं लागतं. इंजिनिअरिंगकडे झुकणारे कोर्स सर्किट आणि अकूस्टिक्स (ध्वनिशास्त्र) जास्त घेतात, प्रॉडक्शनवाले गाणं रचणं, अरेंजमेंट, मिडी (कीबोर्डवरून कॉम्प्युटरला सूर पाठवायची पद्धत) यावर भर देतात. नाव सगळ्यांचं सारखंच दिसतं म्हणून विषयांची यादी उघडून वाच. तरी नोटेशन आत्ताच सुरू कर, गिटार येते म्हणजे सहा महिन्यांत कामापुरतं येईल.

आणि कान सांभाळ. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही साधारण धरतात ती मर्यादा, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला एकच तास. रात्री जोशात आवाज चढत जातो, कळतसुद्धा नाही.

मध्यलय:
उशिरा लिहितोय, मधल्या काळात दोन कॉलेजं बघून आलो. पहिल्या ठिकाणी स्टुडिओ चकाचक होता पण तासांचा प्रश्न विचारला तर प्रत्येक वेळी बोलणं कन्सोलवर जात होतं. दुसऱ्या ठिकाणी स्टुडिओ जुना, पण बाहेर भिंतीवर बुकिंगचा तक्ता लावलेला, त्यात रात्री अकरापर्यंतचे चौकोन मुलांच्या नावांनी भरलेले, खाडाखोड करून एकमेकांशी वेळा बदललेल्या. मी तिथे अर्ज करतोय. घरच्यांना तो तक्ता फोटो काढून दाखवला, त्यांना तो माझ्या बोलण्यापेक्षा जास्त पटला.

सहावी_तार दादा, ती साइन लावून बघितली. माझी खोली ४ मीटरला थोडी कमी आहे म्हणून आकडा ४५ च्या जवळ आला. भिंतीपाशी छातीत घुमत होतं, आणि माझ्या खुर्चीपाशी आलो तर आवाज असा पडला की स्पीकर बंद झाले की काय म्हणून मागे वळून बघितलं. दोन वर्षं मी बरोब्बर त्याच जागी बसून मिक्स करत होतो. टेबल भिंतीकडे सरकवलंय, खुर्ची आता खोलीच्या मधे नाही. पहिल्या गाण्याचा बेस ४ डेसिबल खाली घेतलाय, उद्या मैत्रिणीच्या गाडीत ऐकणार आहोत.