चर्चा: 'हा मुद्दा गैरलागू आहे' हे दाखवायचं कोणी?

तर्कट: कुणी 'गैरलागू' म्हटलं की समोरचा मुद्दा बाद धरायची पद्धत मला चुकीची वाटते. आरोप करणाऱ्यानेच दाखवावं, *कोणत्या प्रश्नाला* गैरलागू. एखाद्या अभियंत्याने पुलाचा आराखडा नाकारला आणि तो स्पर्धक कंपनीचा सल्लागार निघाला, असं समजा. भाराचं गणित समोर असेल तर त्याचे हितसंबंध गैरलागू. आकडेमोड चुकली की नाही ते कागदावरच कळतं. गणित दाखवलंच नसेल आणि त्याच्या शब्दावर विसंबायचं असेल, तर तेच हितसंबंध कळीचे ठरतात.

वादनिविष्ट: असहमत. संबंध दाखवायचं ओझं मुद्दा आणणाऱ्यावरच हवं. १८७२च्या पुरावा कायद्यातलं कलम १३६ बघा: एखाद्या तथ्याचा पुरावा द्यायला निघालेल्या पक्षकाराला न्यायाधीश विचारू शकतात, 'हे सिद्ध झालं तरी त्याचा संबंध कसा?' त्याच्या जागी १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम १४१मध्ये आहे. कारण व्यवहारी आहे. भलता मुद्दा टाकायला एक ओळ पुरते, तो खोडायला पानभर लिहावं लागतं. ओझं उलटं ठेवलं तर ज्याच्याकडे फावला वेळ जास्त, तो जिंकणार.

तर्कट: कोर्टात वाद कशावर आहे ते आधी निश्चित झालेलं असतं. इथे तिसऱ्या प्रतिसादाला मूळ प्रश्न कुणालाच आठवत नाही. शिवाय त्याच कायद्यात संबंध बदलताना दिसतो. फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य एरवी असंबद्ध (जुनं कलम ५४), पण त्याने स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला की उत्तरादाखल ते संबद्ध होतं. म्हणजे आधी कोण काय बोललं, त्यावरही ठरतं.

वादनिविष्ट: मान्य. पण तिथेही दुवा दाखवायला लागतो तो पुरावा देणाऱ्यालाच.

पूर्वपक्षी: दोघेही एक गोष्ट गृहीत धरताय, की गैरलागू काय ते सगळ्यांना ओळखता येतं. येत नाही. खोटं, कमजोर आणि गैरलागू यांची सर्रास गल्लत होते. कसोटी अशी: मुद्दा घटकाभर खरा माना. निष्कर्षाची शक्यता तसूभर तरी वर-खाली झाली का? झाली तर मुद्दा लागू आहे. फार तर कमजोर म्हणा. जिथल्या तिथे राहिली तरच गैरलागू. आधी 'खरा माना' ही पायरी गाळली की लोक खोट्या विधानाला गैरलागू म्हणतात आणि पुराव्याने खोडायची मेहनत वाचवतात.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या प्राचीन भारतीय ग्रंथात, २२ निग्रहस्थानं आहेत, म्हणजे वादात हार ठरण्याच्या जागा. त्यातलं 'अर्थान्तर' (विषय सोडून भलतंच बोलणं) हेच. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण झकास आहे: शब्द नित्य (कायम टिकणारा) आहे, हेतू म्हणजे कारण अस्पर्शत्व (त्याला स्पर्श करता येत नाही), असं म्हणून वादी 'हेतू' हा शब्द कोणत्या धातूला कोणता प्रत्यय लागून झाला ते सांगत सुटतो. व्याकरण बिनचूक आहे! तरी हार. अर्थ नसलेली नुसती अक्षरं बडबडणं हे 'निरर्थक', ते वेगळं निग्रहस्थान.

आडवळण: कसोटी वादापुरती ठीक, संभाषणात कोलमडते. भाषेचा तत्त्वज्ञ पॉल ग्राइसच्या १९७५च्या निबंधातलं शिफारसपत्र आठवा: तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज, आणि पत्रात फक्त भाषा उत्तम, हजेरी नियमित. विषयाबद्दल अवाक्षर नाही. वाचणारा काय समजायचं ते समजतो.

पूर्वपक्षी: तिथेही कसोटी चालते. हजेरीने उमेदवाराची योग्यता ठरत नाही, पण बाकी काहीच न लिहिण्याने शक्यता चांगलीच खाली येते. फक्त मुद्दा म्हणून हजेरी न धरता पत्रातलं मौन धरा.

वादनिविष्ट: मग मौनाचा दुवाही मौन पुढे करणाऱ्यानेच दाखवावा. पत्र लिहिणारा उमेदवाराला तो विषय शिकवतच नसेल, तर त्या मौनातून काहीही सिद्ध होत नाही.