मदत हवी आहे: एकच सूर दोन कानांत वेगवेगळा ऐकू येतोय (तातडीचं)

पेटीवाला_खानापूर
नमस्कार मंडळी. थेट विचारतो. पेटी जुळवताना डावा कान सुराजवळ नेला की काळी एक (पहिली काळी पट्टी) चढी लागते, उजवा नेला की बरोबर. अर्धा सूर नाही, पण पाव सूर नक्की. रीड, म्हणजे आत वाजणारी पितळी पट्टी तीच, भाता तोच, हात माझाच. एका भजनी मंडळाची पेटी शनिवारी दिली, ती आज परत आली, अख्खं मध्य सप्तक उतरलंय म्हणून. वीस वर्षं हे काम करतोय, माझ्या हातची पेटी कधी परत आलेली नाही. आषाढीच्या आधी अजून सात पेट्या द्यायच्या आहेत. दोन्ही कान पुन्हा एका सुरात कसे आणायचे? कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा. सूर, म्हणजे रीड, गुजरातेतल्या पालितानाचे आहेत, चांगले आहेत, त्याबद्दल सांगू नका.

माळमारुती
फोनवर ट्यूनर लावून बघितला का? आणि हे किती दिवस चाललंय?

पेटीवाला_खानापूर
बघितला की. दुकानातल्या माझ्या जुन्या पेटीची काळी एक २७७ हर्ट्झवर, म्हणजे जिथं हवी तिथंच, स्थिर दाखवतोय. म्हणजे पेटी बरोबर, कानच चुकतोय.

श्रुतिवेडा
तुमचा कान चुकत नाही, उलट तो खरं बोलतोय. पेटीचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं असतं. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढा असतो. वीस वर्षं हे ऐकून कान कंटाळतो आणि एक दिवस बंड करतो. माझा सल्ला, बावीस श्रुतींची पेटी करायला घ्या.

तबलजी_शहापूर
अहो, ते काळी एकबद्दल बोलताहेत, गंधाराबद्दल नाही. आणि पेटीचा गंधार चढा असेल तर तो दोन्ही कानांना चढा लागेल ना? एकाच कानाला कसा?

श्रुतिवेडा
आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी उगीच घातली नव्हती.

तबलजी_शहापूर
आणि १९७१ साली ती उठवायला सुरुवातही केली. याच बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली, शिकवली. मोठमोठे गवई त्यांच्या साथीनं गायले. पेटीला नावं ठेवायला वेगळा धागा काढा, मी तिथं येतो. इथं एका माणसाचं पोट त्याच्या कानावर आहे.

चिकोडीकर
मळ असणार दादा. माझंही असंच झालं होतं, एका कानानं कमी यायचं. रात्री कोमट खोबरेल तेलाचे चार थेंब, सकाळी मोकळा. डॉक्टरकडे धावायची गरज नाही.

पेटीवाला_खानापूर
कमी येत नाहीय, चढं येतंय. फरक आहे.

निपाणीची_आई
भाऊ, कुठली गोळी चालू आहे का? विचारण्याचं कारण सांगते. माझ्या मुलीला फिट येतात म्हणून कार्बामाझेपीन सुरू केली. ती पाच वर्षं गाणं शिकत होती. आठवड्याभरात म्हणायला लागली, "आई, बाईंची पेटी उतरली आहे." बाई म्हणाल्या पेटी तीच आहे. टीव्ही, फोनची रिंग, देवळातली घंटा, सगळंच तिला अर्ध्या सुरानं खाली लागायचं. आम्हाला वाटलं लेकरू नाटक करतंय, मी एकदा रागावलेसुद्धा, त्याचं अजून वाईट वाटतं. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की या गोळीनं क्वचित असं होतं. त्यांनी गोळी बदलली आणि सूर जागेवर आले. गोळी मनानं बंद केली नाही हं आम्ही, फिटची गोळी तशी बंद करायची नसते.

पेटीवाला_खानापूर
ताई, फिटची नाही. मुलीला दोन्ही कानांनी खाली लागायचं ना? माझा उजवा एकदम ठीक आहे.

गडहिंग्लजचा_पेटीवाला
मीही याच धंद्यातला, म्हणून एकच प्रश्न. नमुन्याची पेटी, जिच्यावरून जुळवता ती, कुठल्या हाताला ठेवता?

पेटीवाला_खानापूर
उजव्या. जुळवायची डावीकडे. वाकून डावा कान सुरावर, कानस उजव्या हातात. वडिलांपासून तशीच बैठक आहे. त्याचा काय संबंध?

गडहिंग्लजचा_पेटीवाला
सगळा संबंध तिथंच आहे. नमुना तुम्ही उजव्या कानानं ऐकता आणि कामाचा सूर डाव्या. डाव्याला तो चढा लागला म्हणून रिव्हेटकडे, म्हणजे रीड जिथं ठोकलेली असते तिथं, खरवडून उतरवलात. पुन्हा ऐकलात, पुन्हा चढा, पुन्हा खरवडलात. शेवटी दोन कानांत जुळला, तोवर पेटी खरोखर उतरली होती. परत आलेली पेटी ॲपवर किती दाखवते?

पेटीवाला_खानापूर
आत्ता लावून बघितली. २६९. कधी २७०.

बरोबर बोललात तुम्ही. हात गार पडले माझे. मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांना मी सकाळी म्हणालो होतो की पावसाची हवा आहे, तुमच्या घरात पेटी ओलसर झाली असेल.

गडहिंग्लजचा_पेटीवाला
पेटीचं नंतर सांगतो, ती वर आणता येते. रीडच्या मोकळ्या टोकाकडे खरवडून, अगदी हलक्या हातानं. आधी कानाचं बघा.

कान_नाक_हुबळी
मी हुबळीत ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करते, माहेर बेळगावचं. दादा, मला हव्या त्या गोष्टी तुम्ही अजून सांगितलेल्याच नाहीत, आणि माळमारुतींचा प्रश्नही तसाच राहिला. कधीपासून? हळूहळू झालं की एकदम? कान भरल्यासारखा वाटतो का? आत आवाज येतो का? चक्कर? डाव्या कानाला फोन लावला तर समोरच्याचं बोलणं स्वच्छ कळतं का?

पेटीवाला_खानापूर
गेल्या मंगळवारी सकाळी उठलो तेव्हापासून. सोमवारी रात्री झोपलो तेव्हा काहीच नव्हतं. चोर्ला घाट उतरताना कानाला दडा बसतो ना, तसा डावा कान बसलाय, तो सुटतच नाही. आत घुमल्यासारखं होतं. चक्कर नाही. डाव्या कानाला फोन लावला तर माणूस डब्यात बोलतोय असं वाटतं, म्हणून उजव्याला लावतो. आधीच्या आठवड्यात सर्दी होती, तिचंच असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

कान_नाक_हुबळी
आज सोमवार, म्हणजे सातवा दिवस. दादा, हे वाचून झालं की दुकान बंद करा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. उद्यावर नको. ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करायचा आहे एवढंच सांगा.

कारण सांगते. आतला कान शंखासारखा असतो, साधारण अडीच वेटोळ्यांचा. उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तोंडाशी तार सप्तकातले सूर, आत टोकाकडे खर्जातले, अशी प्रत्येक सुराला ठरलेली जागा. त्या जागी नाजूक केसपेशी असतात. त्या दुखावल्या की २७७ चा सूर नेहमीच्या जागी नेमका उमटत नाही, जरा सरकून उमटतो, आणि मेंदूला वेगळाच सूर कळतो. याला डिप्लाक्युसिस म्हणतात. दोन कानांत थोडा फरक निरोगी माणसालाही असतो, पण तो सहसा एक-दोन टक्क्यांच्या आत, आणि मेंदू तो मिटवून टाकतो. अर्धा सूर म्हणजे सुमारे सहा टक्के. तुमचा फरक तीन टक्क्यांच्या आसपास, तोही रात्रीतून आलेला.

तीन दिवसांच्या आत, ओळीनं तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त ऐकू येणं कमी झालं, तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा धरतात. ती तातडीची गोष्ट आहे. स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर ऐकू परत येण्याची आशा जास्त, पुढे ती कमी कमी होत जाते. दुकानातून स्वतः गोळ्या घेऊ नका. आणि चिकोडीकर, मळानं आवाज लहान होतो, सूर चढत नाही. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नुकसान करतं. हा सल्ला कृपया कुणालाच देऊ नका.

चिकोडीकर
मला गुण आला ते सांगितलं. वाईट हेतू नव्हता.

बेंगळूरस्थित_खानापुरी
इंटरेस्टिंग! मानसशास्त्रज्ञ डायाना डॉइच यांनी १९७३ साली एक भ्रम शोधला. हेडफोनमधून एका कानात ४०० हर्ट्झ, दुसऱ्यात ८००, आणि दर क्षणाला अदलाबदल. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की एका कानात फक्त वरचा सूर वाजतोय आणि दुसऱ्यात फक्त खालचा. उजव्या हाताच्या लोकांना वरचा सूर बहुधा उजव्या कानात ऐकू येतो. तुम्ही डावखुरे आहात का?

तबलजी_शहापूर
भाऊ, हे निरोगी कानांचं झालं. त्यांना आधी डॉक्टरकडे जाऊ द्या.

पेटीवाला_खानापूर
डावखुरा नाही. ताई, बुधवारी गेलो तर नाही का चालणार? उद्या दोन पेट्या नेणार आहेत.

कान_नाक_हुबळी
नाही चालणार.

निपाणीची_आई
भाऊ, पेट्यांची माणसं थांबतील. वारकरी माणसं आहेत, समजून घेतील. जा तुम्ही.

माळमारुती
खानापुराहून बेळगाव तासाभराचं. सिव्हिलला दुपारपर्यंत ओपीडी असते, नाही जमलं तर संध्याकाळी खाजगीत जा. सोबत कुणाला तरी घ्या.

पेटीवाला_खानापूर (दुसऱ्या दिवशी)
काल संध्याकाळी गेलो. डॉक्टरांनी आधी कपाळावर सुराचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) ठेवला, तोच ५१२ चा, आमच्याकडेही असतो. घुमला तो उजवीकडे. म्हणाले, डाव्या कानाची नस किंवा आतला कान. मग काचेच्या खोलीत बसवून तपासणी. डावा कान २५० हर्ट्झवर ५५ डेसिबल, ५०० वर ५०, १००० वर ३५ (आकडा मोठा तितकं ऐकू कमी), त्यापुढे उजव्यासारखाच. स्टिरॉइड सुरू केलंय. शुगरही तपासली.

कान_नाक_हुबळी
शुगर? तुम्हाला मधुमेह आहे?

पेटीवाला_खानापूर
सहा वर्षं. तो कानाचा प्रश्न नाही म्हणून लिहिलं नव्हतं. डॉक्टरांना सांगितलंय, स्टिरॉइडनं शुगर चढते म्हणून रोज तपासायची आहे.

कान_नाक_हुबळी
डॉक्टरांना सांगितलंत हे फार बरं केलंत. तुमचं नुकसान खालच्या फ्रिक्वेन्सींवर आहे, म्हणून खर्जात आणि मध्य सप्तकात फरक जास्त कळतो. हेडफोन लावून एकेका कानात सूर ऐकून बघा. उजव्यात २७७ ठेवा आणि डाव्यात कितीवर जुळतो ते लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला उपयोगी पडेल.

पेटीवाला_खानापूर
बघितलं. डाव्यात २६९ ला जुळतो. १००० ला जवळजवळ फरक नाही. आणि केसपेपरवर काय लिहिलंय ते अर्धं कन्नडमध्ये आहे, कुणी वाचून देईल का?

सीमावासी_८६
हेच तर म्हणतोय इतकी वर्षं. निम्म्या गावाला मराठीच येतं आणि कागद मात्र...

माळमारुती
फोटो मला पाठवा, नाव झाकून. माझ्या शेजारच्या कन्नड आजींनी आमच्या घरातले सगळे कागद वाचून दिलेत. सीमावासी, मुद्दा खरा आहे, मलाही रोज टोचतो. पण आज कानाचं होऊ दे.

(थोड्या वेळानं) वाचलं. गोळी सकाळी खाल्ल्यावर, मीठ कमी, दहा दिवसांनी पुन्हा तपासणी, मोठ्या आवाजापासून लांब.

गडहिंग्लजचा_पेटीवाला
आता पेटीचं. एकाआड एक वाजवून जुळवणं सोडा. डाव्या कानात कापूस नको, चांगला इयरप्लग घाला. नमुन्याची पेटी आणि कामाची पेटी शेजारी शेजारी उजवीकडे, दोन्हींचे सूर एकदम दाबा. २७७ आणि २६९ एकत्र वाजले की सेकंदाला आठ लाटा येतात, थरथर ऐकू येईल. टोकाला एक हलका हात, पुन्हा ऐका. लाटा सहा, चार, दोन, मग लांबट एक, मग गप्प. लाट हवेतच तयार होते, ती मोजायला एक कान पुरतो. माझ्या वडिलांना म्हातारपणी एकाच कानानं यायचं, ते शेवटपर्यंत असंच जुळवायचे. टोक जास्त खरवडू नका, रीड पातळ होऊन तुटते.

श्रुतिवेडा
लाटेनं जुळवलेला सूर सगळ्यात खरा. हे मात्र मान्य.

पेटीवाला_खानापूर (बारा दिवसांनी)
विचारपूस करणाऱ्यांसाठी. दुसरी तपासणी झाली. डावा कान २५० वर ३५, ५०० वर ३०. दडा सकाळी असतो, दुपारपर्यंत सुटतो. घुमणं आहे, पण कमी. आता डाव्यात २७४ ला जुळतं. नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय करायला सांगितलंय, तारीख मिळाली आहे. शुगर चढली होती, आता आटोक्यात आहे.

मंडळाच्या बुवांकडे स्वतः गेलो आणि चूक पेटीची नव्हती, माझ्या कानाची होती, असं सांगितलं. ते म्हणाले, "पोरा, आधी कान बरा कर, आम्ही टाळ-पखवाजावर म्हणतो." तीन पेट्या मी दुसऱ्याकडे दिल्या. बुवांची मात्र स्वतःच धरली आहे. बैठक फिरवली, दोन्ही पेट्या उजव्या हाताला. काल रात्री पाऊस थांबल्यावर बसलो, कारण पत्र्यावर पाऊस असला की लाट ऐकू येत नाही. काळी एकची लाट गप्प झाली. ॲपवर बघितलं, २७७.

मध्य सप्तकातले सात सूर झालेत. गडहिंग्लजचे दादा, एका रीडला पूर्वीच जास्त खरवडलंय, टोकाला आता घ्यायला जागा नाही. ती बदलूच का?

गडहिंग्लजचा_पेटीवाला
बदला. माझ्याकडे जुन्या पालितानाच्या सुटत्या आहेत, त्या मापाची निघेल. पत्ता कळवा, एसटीनं पाठवतो.