ट्रॉलीला कुलुपे लावावीत की मुलीसाठी कुंपण घ्यावे? (बजेट 1500 रुपये)

कोथरूडची_आई: नमस्कार. आमची मुलगी अठरा महिन्यांची आहे. ओट्याखालची ट्रॉली ओढून डबे बाहेर काढणे, झाकण निघाले की तांदूळ फरशीवर ओतून त्यात फतकल मारून बसणे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकणे, हा तिचा रोजचा उद्योग आहे. काल मिसळणाचा डबा हाती लागला आणि तिखटाचा हात डोळ्याला लागल्याने ती खूप रडली. घर भाड्याचे असल्यामुळे छिद्रे पाडता येणार नाहीत. कृपया सुचवावे.

बावधनकर: आम्ही सहा हजारांचे मोठे कुंपण घेतले. स्वस्तातले कुंपण मूल ढकलत घरभर नेते, म्हणून पैशाकडे पाहू नये.

रविवारपेठी: बोहरी आळीत चौकशी करा. मी तिथूनच कुलुपे आणून स्वतः स्क्रूने बसवली आणि चार वर्षांत एकही निघालेले नाही.

सिंहगडरोडची_मावशी: त्यांना छिद्रे पाडायची नाहीत, हे वर लिहिले आहे. चिकटपट्टीची कुलुपे घ्या, परंतु ट्रॉलीचा तेलकटपणा आधी नीट पुसून काढा आणि चिकटवल्यावर एक दिवस त्यांना हात लावू नका. मी घाई केली आणि दुसऱ्याच दिवशी कुलूप मुलाच्या हातात आले.

आजी_सदाशिवपेठ: आमच्या वाड्यात कुलुपे नव्हती. मी निवडायला बसले की मुलांपुढेही मूठभर धान्य टाकत असे आणि ती तासभर रमत.

वारज्याचा_बाबा: आजी, क्षमा असावी, पण धान्य देताना फार जपावे लागते. आमच्या मुलाने हरभऱ्याची डाळ नाकात घातली, ती ओलाव्याने फुगली आणि रात्री नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे धावावे लागले. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे तिच्या हाती अजिबात देऊ नका.

बालरोग_परिचारिका: सांडलेला तांदूळ झाडून घेता येतो, मला काळजी वेगळ्याच वस्तूंची वाटते. बटणाच्या आकाराची बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालयात जावे. देवघरातला कापूर आणि कपाटातल्या डांबरगोळ्याही विषारी असतात. न्हाणीघरातली बादली रिकामी करून पालथी ठेवावी, कारण तळाशी उरलेल्या थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

बावधनकर: म्हणूनच कुंपण घ्या, असे मी म्हणत होतो.

कोथरूडची_आई: सर्वांचे मनापासून आभार. कापूर तुळशीपाशी खालीच होता, तो आजच वर ठेवला आणि बादलीही पालथी केली. मात्र मी कुलुपे किंवा कुंपण यांपैकी काहीच घेत नाही. मिसळणाचा डबा, सुरी, फिनेल आणि कडधान्ये वरच्या कपाटात हलवली असून ट्रॉलीचा सर्वांत खालचा खण रिकामा करून तिला दिला आहे. त्यात स्टीलच्या चार वाट्या, लाकडी डाव आणि तुळशीबागेतून आणलेली लहान परात ठेवली आहे. आज जुनी चादर अंथरून परातीत वाटीभर रवा दिला आणि मी शेजारीच भाजी चिरत बसले. ती एका वाटीतला रवा दुसऱ्या वाटीत ओतत होती, प्रत्येक वेळी वाटी कानाशी नेऊन हलवून पाहत होती, आणि भाजी चिरून होईपर्यंत तिने दुसऱ्या खणाला हातही लावला नाही.