शब्दचर्चा: शिंगरू ‘माणसाळवणे’, ‘फिरवणे’ की ‘वठणीवर आणणे’?

बोरूबहाद्दर: माणसाचा हात न लागलेल्या रानटी शिंगराला बक्षीस देत शिकवण्याच्या पद्धतीवर लिहितो आहे. ‘वठणीवर आणणे’ चालेल? आणि ‘आमिष’ म्हणू की ‘बक्षीस’?

खोगीरभरती: ‘वठणीवर’ नको, त्यात अद्दल घडवणे आले. माणूस जवळ आल्यावर शिंगरू बुजत नाही, आधी लांब बांबूचा आणि मग हाताचा स्पर्श खांद्यावर सोसते, पुढे म्होरकी चढवून घेते, इथवर ‘माणसाळवणे’. सुरुवात खांद्यापासूनच करतात, कारण कपाळासमोरचे अगदी जवळचे घोड्याला दिसत नाही आणि तिकडे हात नेला की ते मान झटकते. दोरीवर चालणे, वळणे, थांबणे हे त्यानंतरचे. त्याला ‘फिरवणे’ म्हणा. घोडा का अडला, तर न फिरवल्यामुळे, हे कोडे सगळ्यांना ठाऊक आहेच.

काटेकोर: आमिष आधी दाखवतात, बक्षीस नंतर देतात. या पद्धतीत हा फरक फार मोठा आहे. मूठभर गवत दाखवून शिंगराला पुढे ओढले, तर त्याचे लक्ष गवतावर राहते. आपण काय केले हे त्याला कळतच नाही, आणि मूठ रिकामी दिसली की ते जागचे हलत नाही. बक्षिसाचा क्रम असा: टोकाला चेंडू लावलेली काठी पुढे धरायची, शिंगराने नाक लावले की त्याच क्षणी ठरलेला ‘टक्’ आवाज, मग घास. आवाजाला दोन सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात त्याने मान वळवलेली असते आणि बक्षीस मान वळवण्याला मिळते. घास हात लांब करून, त्याच्या तोंडापाशी द्यावा. अंगाजवळ दिला तर ते खिसे हुंगायला आणि पुढे चावायला लागते. ‘खाऊ’ हा शब्दही टाळा, गोडाधोडाचा भास होतो. रानातल्या शिंगराला गाजर खाण्याचे असते हेच माहीत नसते. ओळखीचे वाळले गवत बरे. धान्य जास्त झाले की पोटशूळ उठतो.

बोरूबहाद्दर: मग ‘शिंगरू शांत उभे राहिले’ हे वाक्य ठीक?

काटेकोर: कशाने उभे आहे ते पाहून. मान ताठ, श्वास रोखलेला, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो आणि समोरचे गवतही खात नाही, तर ‘थिजले’ लिहा. पळायला वाट न ठेवता स्पर्शाचा मारा केला की असे होते, आणि पुढे कधीतरी ते अचानक दुगाण्या झाडते. मान खाली, जबडा सैल, चघळणे चालू: हे ‘शांत’.

खोगीरभरती: शिकवणाऱ्याला जुना शब्द ‘चाबूकस्वार’. फारसीत ‘चाबुक’ म्हणजे चपळही. पण मराठी वाचकाला आधी फटकाच ऐकू येईल, म्हणून या लेखात नको.